नेई कातारिनाचं मागणं

“आज मागून घे तिला,” दिगंबर ट्रंकेची कडी ठोकून सरळ करत म्हणाले. “उद्या सकाळी जहाज येईल. मग सामान, माणसं, हार, गाणी. त्यात राहून जाईल.”

“मागून काय घ्यायचंय? डबा आहे का तो?”

“इथे असंच म्हणतात. शब्द मी काढलेला नाही.”

ते खरं होतं. मी झाडू हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. घर आवरून झालं होतं. घर म्हणजे काय, चार खांबांवर उचललेला एक माचा आणि वर केवड्याच्या पानांनी शाकारलेलं छप्पर. भिंती नव्हत्याच. वारा एका बाजूने यायचा आणि आमच्या अंगावरून दुसऱ्या बाजूला निघून जायचा.

“ती नाही म्हणणार नाही,” दिगंबर म्हणाले.

“तिला म्हणताच येणार नाही. तेच तर.”

“मग सोपंच आहे की.”

“तुम्हाला सोपं वाटतंय?”

त्यांनी कडीवर आणखी एक घाव घातला. त्याची गरज नव्हती.

किरिबाती हे त्या देशाचं नाव. तिथले लोक त्याचा उच्चार किरिबास असा करतात. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या आजूबाजूला विखुरलेली पोवळ्याची बेटं. दिगंबर तिथे एका प्रकल्पावर गेले होते. मासे टिकवायला बर्फ करायचं यंत्र बसवायचं, चालवायचं आणि तिथल्या माणसांना शिकवायचं. आमचं बेट राजधानी तारावापासूनही जहाजाने फार लांब. मी कोकणात आचऱ्याजवळच्या शाळेत मास्तरीण होते. तिथल्या शाळेला शिक्षक कमीच होते, तेव्हा मीही शिकवू लागले. आता म्हातारपणी शेजारची मुलं नकाशा घेऊन माझ्याकडे येतात. ते बेट कुठे आहे ते दाखवायला मी पेन्सिलीचं टोक टेकवते, तर टोकाखाली ते झाकूनच जातं.

हातातली पाटली पडून वाकडी व्हावी आणि एका जागी तुटावी, तसा त्याचा आकार. पाटलीच्या आत उथळ हिरवं पाणी, बाहेर काळानिळा महासागर. मधे जी जमीन, ती इतकी अरुंद की आतल्या किनाऱ्यावर कुणी हाक मारली तर बाहेरच्या किनाऱ्यावर ओ देता यायची. माड, केवडा, वाळू. माती नाही, दगड नाही, ओढा नाही. मी माडांच्या गावची, त्यामुळे मला वाटलं होतं की घरच्यासारखंच असेल. पण आमच्याकडे माडांच्या मागे डोंगर असतो. तिथे माडांच्या मागे पुन्हा समुद्रच होता.

आम्ही नवीन असताना शेजारची बाई आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. “मिस, मी तुझ्याकडे मागते. तुझा तो शिट्टीचा टोप मला दे.”

मी हसले. म्हटलं, “अगं, मग आम्ही भात कशात शिजवू?”

तिचा चेहरा पडला. ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या माच्यावर कुणी बसायला आलं नाही. शेवटी माझ्याबरोबर शिकवणाऱ्या इओआनेने मला समजावून सांगितलं. “मिस, याला बुबुती म्हणतात. समोर बसून मागितलं तर द्यायचं असतं. इथे वाळूत काय पिकतं? पाऊस चुकतो, होडी फुटते. आमची माणसं एकमेकांकडे मागूनच जगली. आज नाही म्हटलं, तर उद्या तू कुणाकडे मागणार?”

“आणि कुणी काहीही मागितलं तर?”

“काहीही कोण मागेल? मागणाऱ्यालाही लाज असते.”

मी कुकर स्वतः नेऊन दिला. पुढे तिच्या घरी शिट्टी झाली की पलीकडच्या घरांतली पोरं त्याच सुरात शिट्टी मारायची आणि सगळी वाडी हसायची. मीही मागायला शिकले. एक चटई मागितली, एकदा कोंबडी मागितली. दिगंबरांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांचे नट आवळायचे तीन पाने मात्र गेले, आणि एक छत्री.

तिथे मूलही असंच मागतात. बहिणीने बहिणीकडे, आजीने मुलीकडे. इओआने स्वतः त्याच्या मामाला दिलेला होता आणि दोन्ही घरी हक्काने जेवायचा. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मूल दोन घरांचं होतं, एवढंच.

रोतिया पहिल्यांदा माझ्या वर्गात आली तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. तिची आई वारली होती. बाप परदेशी जहाजांवर काम करायचा आणि बरीच वर्षं परतलेला नव्हता. ती तिच्या आजीजवळ राहायची. आजीचं नाव कातारिना. बाईमाणसाच्या नावाआधी तिथे ‘नेई’ लावतात, म्हणून नेई कातारिना. रोतिया तिला तिबु म्हणायची. गंमत म्हणजे आजीही नातीला तिबुच म्हणायची. त्यांच्या भाषेत दोघींना एकच शब्द आहे.

एकदा मी वर्गात डोंगराबद्दल शिकवत होते. वाळूचा ढीग केला.

“एवढा?” रोतियाने विचारलं.

“नाही गं. माडावर माड, त्याच्यावर माड, त्याच्यावर आणखी खूप माड, एवढा उंच.”

“मग तिथली माणसं खाली पडत नाहीत?”

“नाही.”

“आणि पाणी वर कसं नेतात?”

“पाणी वरूनच खाली येतं. आपोआप. गोडं पाणी, वाहत वाहत समुद्रापर्यंत येतं.”

सगळा वर्ग लोळून हसला. मिस थापा मारते, असं त्या दिवशी घरोघरी गेलं. मग दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच बेटाची गोष्ट सांगितली. फार फार पूर्वी इथे आगीचा डोंगर होता. त्याच्या काठाला पाण्यात पोवळ्याचे बारीक जीव घर करून राहिले. डोंगर हळूहळू खचत गेला. त्या जीवांना ऊन लागतं, म्हणून ते जुन्या घरांवर नवी घरं बांधत वर येत राहिले. डोंगर पार बुडाला, पण त्याच्या भोवतीचं कडं तेवढं राहिलं.

या वेळी कुणी हसलं नाही. रोतिया बराच वेळ खिडकीबाहेर, आतल्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे आपण बुडालेल्या डोंगराचा काठ धरून बसलोय.”

मी आयुष्यभर शिकवलं. असं वाक्य पुन्हा कुठल्या मुलाने मला दिलं नाही.

त्या दिवसापासून ती माझ्या मागे मागे घरी यायला लागली. आली की भात जेवायची, नारळाच्या रसातला मासा ओरपायची, माझ्याकडून वेणी घालून घ्यायची. दिगंबर तिला ‘रोतूबाई’ म्हणत आणि बर्फाचा खडा तिच्या मानेवर ठेवत. ती किंचाळायची आणि पुन्हा मान पुढे करायची. एकदा तिला मोठा ताप आला तेव्हा ती आमच्याच माच्यावर झोपली होती, आणि नेई कातारिना पायथ्याशी बसून होती. उशाशी मी होते. पाटीवर मी तिला आमची अक्षरं काढून दाखवली. ‘बस खाली’, ‘पाणी दे’, ‘शहाणी आहेस’ एवढं मराठी तिला येऊ लागलं. ती कोंबड्यांशी मराठीत बोलायची.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवस झाले, मुंबईचे डॉक्टर झाले, लोकांचे सल्ले झाले. मग आम्ही त्याबद्दल बोलणं सोडलं होतं. जहाजाची बातमी रेडिओवर आली त्या दिवशी दिगंबर मधेच थांबून म्हणाले, “घरात ती नसेल तर मला करमायचं नाही गं.” हे वाक्य माझं होतं. ते त्यांनी आधी म्हटलं.

त्यांनी बेटाच्या मॅजिस्ट्रेटला विचारलंही होतं. आजीने तोंडाने दिलं तर बाकीचे कागद तारावाला करता येतील, असं तो म्हणाला होता.

मी तंबाखूची वळी पदराला बांधली आणि निघाले. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

नेई कातारिना घरी नव्हती. ती खड्ड्यावर होती. तिथे अळवासारखं एक कंदाचं रोप असतं, आपल्या अळवाच्या कितीतरी पट मोठं. पान असं की त्याखाली माणूस उभा राहील. वाळूत ते येत नाही, म्हणून गोड्या पाण्याची ओल लागेपर्यंत खोल खड्डा खणतात आणि तळाशी ते लावतात. प्रत्येक रोपाभोवती केवड्याच्या पानांची टोपली विणतात, तिच्यात पालापाचोळा आणि पानांचं खत भरत राहतात. चांगलं रोप वर्षानुवर्षं पोसतात. कुठली पानं, कधी घालायची, ते ज्या त्या घराचं गुपित असतं. शेजाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत.

म्हातारी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि विणत होती. खाली रोतिया गुडघाभर चिखलात होती.

“त्याच्या डावीकडचं,” म्हातारी ओरडत होती. “डावीकडचं गं! मिसने तुला डावं-उजवं नाही शिकवलं?”

“शिकवलंय. पण मी तुझ्याकडे तोंड करून आहे, तिबु. माझं डावं तुझं उजवं.”

“बघा! हे शिकवलंय!” म्हातारीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. “ये मिस, बस. तुझा नवरा अजून बर्फाशी भांडतोय का?”

“भांडण मिटलं. आता ट्रंकेशी चाललंय.”

ती हसली. तिला दातही थोडेच होते. मी तंबाखू पुढे केला. तिने वास घेतला, कपाळाला लावला आणि मांडीखाली ठेवला.

“माझे गुडघे आता खाली उतरू देत नाहीत,” ती म्हणाली. “ही उतरते. हात माझ्या आईसारखे आहेत हिचे. मूळ दुखवत नाही.”

रोतिया खालून म्हणाली, “मिस, तुझ्या डोंगरावर तिबुला चटई लागेल. ओल्या जागी ती बसत नाही.”

पोरीने आमचा बेत कुठून तरी ऐकला होता, आणि आजीला आपल्याबरोबर धरूनच चालली होती.

“जा,” म्हातारी तिला म्हणाली. “मिसला शहाळं आण. लांबच्या माडाचं. जवळचं आंबट आहे.”

“शहाळं आंबट नसतं, तिबु.”

“जा म्हटलं ना.”

रोतिया चिखलाचे पाय आपटत निघून गेली. दोघीच उरलो. खाली वारा पोचत नव्हता, त्यामुळे ती मोठी पानं अगदी स्तब्ध होती. मी पदर सारखा केला. तिच्यासमोर मांडी घालून बसायला म्हणून मी सरकले. वाक्य पाठ केलं होतं. त्यांच्याच भाषेत, चुकू नये म्हणून येताना वाटेने म्हणत आले होते.

पण म्हातारीने माझ्याआधी विणकाम बाजूला ठेवलं. हात लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले. पाय वर घेतले, मोठ्या कष्टाने, एकेक गुडघा हाताने उचलून. आणि माझ्यासमोर मांडी घातली.

“मिस,” ती म्हणाली, “मी तुझ्याकडे मागते.”

मला वाटलं पातेलं, किंवा कंदील. जाणाऱ्या माणसाकडे सगळेच काही ना काही मागत होते.

“माग ना,” मी म्हटलं.

“तुझी मुलगी मला दे.”

मी तिच्याकडे बघत राहिले.

“माझी?”

“रोतिया. तिची वेणी तू घालतेस. तापात उशाशी तू बसलीस, मी पायाशी होते. झोपेत ती तुझ्या भाषेत बोलते, मला समजत नाही. ती तुझी झालीय. सगळ्या वाडीला माहीत आहे, मी डोळे मिटून बसले म्हणून काय होतं?” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “तेव्हा मागायचं तर तुझ्याकडेच मागायला हवं. दुसऱ्या कुणाकडे मागू? मी म्हातारी आहे. मला एक मूल दे.”

माझं पाठ केलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं. ते मी म्हणाले असते, तर तिने दिलं असतं. न बोलता दिलं असतं, उद्या होडीपर्यंत स्वतः पोचवायला आली असती, आणि परत येऊन या खड्ड्याच्या काठावर बसली असती. हे तिला ठाऊक होतं. काल मी मागायला म्हणून तिच्या विहिरीपर्यंत येऊन, धीर न होऊन परत गेले, तेही तिने पाहिलं असणार.

ती थांबली होती. घाई करत नव्हती. मी नाही म्हणू शकत होते. मी परकी होते, मला कुणी काही म्हटलं नसतं. ती माझ्याकडे परक्या माणसाकडे बघतात तसं बघत नव्हती.

“घे,” मी म्हटलं. “तुला दिली.”

तिने डोळे मिटले. मग पुढे वाकून माझ्या दोन्ही गालांना नाक लावलं, तिथल्या रीतीने, आणि एक लांब श्वास घेतला. तिच्या अंगाला खोबरेलाचा आणि ओल्या पानांचा वास होता.

“आता तू माग,” ती म्हणाली. “दिल्यावर मागायचं असतं. काहीही माग.” आणि माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, “दिलेलं सोडून.”

त्याही स्थितीत मला हसू आलं. तीही हसली. डोळे पुसत हसली.

मी बराच विचार केला. मग समोर बसून, नीट, त्यांच्या शब्दांत मागितलं. “ही इथली शाळा संपली की तिला तारावाच्या मोठ्या शाळेत पाठव. तू एकटी पडलीस तरी पाठव.”

म्हातारीने खालच्या रोपांकडे पाहिलं. हे मागणं लहान नव्हतं. तारावाला गेलेली पोरं खड्ड्यात उतरायला क्वचितच परत येतात.

“चांगली शिकलीस गं मागायला,” ती अखेर म्हणाली. “पाठवीन. पण तोवर कुठली पानं घालायची ते तिला सगळं शिकवून टाकीन.”

रोतिया शहाळं घेऊन आली. तिने दोघींचे चेहरे पाहिले.

“मिसने तुला माझ्याकडे दिलं,” आजी म्हणाली.

तिला रीत माहीत होती. कोण कुणाला काय देतं याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. तिने शहाळं माझ्या हातात दिलं आणि माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, पण तेवढे शब्द तिच्याकडे नव्हते. मग तिच्या भाषेत म्हणाली, “मग डोंगर?”

“डोंगर कुठे पळून जातोय? तू मोठी झालीस की ये बघायला.”

“आमचा तर गेला,” ती म्हणाली. “बुडाला.”

शहाळ्याचं पाणी मी कसंबसं प्याले.

घरी आले तेव्हा दिगंबर ट्रंकेवरच बसले होते. मागे कुणी येतंय का, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून वाटेकडे पाहिलं.

“दिली तिने?”

“मी दिली,” मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग उठून बर्फाच्या यंत्राकडे गेले. ते आता त्यांचं काम नव्हतं. संध्याकाळी माडी काढणारे माडांवर चढून नेहमीसारखे गात होते, तरी ते परतले नाहीत. मी जाऊन बोलावून आणलं.

दुसऱ्या दिवशी जहाज पोवळ्याच्या कड्याबाहेर उभं राहिलं. आम्हाला फुलांचे हार घातले, अंगाला सुवासिक तेल चोळलं, सभाघरात गाणी झाली. रोतियाची वेणी मी घातली. एरवी सतत हलणारी ती पोर दगडासारखी बसून राहिली. नेई कातारिना शेजारीच होती. मला म्हणाली, “सावकाश घाल. होडी थांबेल.” आणि खरंच तिने होडीवाल्याला थांबवून धरलं.

होडी सुटली तेव्हा रोतिया कमरेइतक्या पाण्यात आली. रडली नाही. संध्याकाळी तिला घरी पाठवताना मी जे म्हणायचे, ते तिने मराठीत मला ओरडून सांगितलं, “नीट जा गं! पाण्यात खेळू नकोस!”

दिगंबरांनी तोंड फिरवलं.

ते बेट इतकं सखल होतं की दृष्टीआड व्हायला वेळ लागला नाही. आधी माणसं गेली. मग वाळू गेली. नुसते माडच पाण्यातून उगवल्यासारखे दिसत राहिले, आणि मग त्यांचे शेंडे, आणि मग समुद्र. मी कठडा धरून तशीच उभी होते. डेकवर बायका-माणसं चटया टाकून बसली होती, कोंबड्या होत्या, डुकराचं पिलू होतं. जवळच्या चटईवर एक जाडजूड बाई मासा साफ करत बसली होती. माझ्याकडे ती बराच वेळ बघत असावी. शेवटी तिने तिथे अनोळखी बाईला सगळ्यात आधी विचारतात तो प्रश्न विचारला.

“मुलं किती तुला?”

माझ्याजवळ या प्रश्नाचं उत्तर कायमच तयार असायचं, आणि ते देऊन झालं की समोरची बाई दुसरीकडे बघायची.

“एक,” मी म्हटलं. “मुलगी आहे.”

तिने आजूबाजूला पाहिलं. “बरोबर नाही?”

“आजीला दिली. आजीने मागितली.”

“मग बरंच केलंस,” ती म्हणाली, जणू यात नवल काहीच नव्हतं. “आजीकडे मुलं चांगली होतात. माझा दुसरा तिकडेच आहे.” तिने मासा बाजूला ठेवला, चटईवरचं गाठोडं सरकवून मला जागा केली आणि हाताने वाळू झटकली. “बस. नाव काय तिचं?”

मी बसले, आणि तिला सांगायला लागले.